ओट्यासमोरची भिंत

शालन,

तू गेल्यापासून दूध रोज उतू जातंय. ओटा पुसायचा, शेगडीच्या खाचेत गेलेलं सुरीनं खरवडायचं, तरी करपलेला वास दुपारपर्यंत घरात राहतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "जलमभर फौंड्रीत लोखंड वतलंसा आणि एवढं लिटरभर दूध राखता येईना." नाही येत. लोखंडासमोर उभं राहावंच लागायचं, नजर हलली की पाय भाजायचा. दुधासमोर उभं राहवत नाही. समोर भिंत. भिंतीकडं किती वेळ बघणार माणूस? मी गॅस बारीक करतो, पुढच्या दाराला जाऊन गल्लीत कोण आलं कोण गेलं बघतो, आणि मागं फस्स होतं.

तुझ्या हातून दूध उतू गेलेलं मला आठवत नाही. डावा तळहात भिंतीला टेकलेला, उजव्या हातात पळी, आणि उभी. त्या भिंतीवर तुझ्या हाताचा डाग आहे. इतकी वर्षं माझ्या डोळ्यासमोर होता, दिसला आत्ता. दर दिवाळीला रंग दिला की झाकायचा आणि शिमग्यापर्यंत परत वर यायचा. रंगारी म्हणायचा भिंतीला ओल आहे. ओल कसली. तेलाचा, पिठाचा, रोजचा हात होता तो.

दमलोय मी. काम करून दमायचो तेव्हा झोप लागायची. आता काम नाही तरी दमतो, आणि झोप नाही.

लोक आले, गेले. दहावं झालं, बारावं झालं. बायका माझ्या देखत म्हणत होत्या, नशिबाची, कुंकू लेऊन गेली. गेलीस खरी. नशीब तुझं, भांडी माझी. तुझा आजऱ्याचा भाऊ जाताना माझा हात धरून म्हणाला, "दाजी, कायबी लागलं तर सांगा." काय सांगू त्याला? काजूची पिशवी ठेवून गेला. डबा तू कुठं ठेवायचीस ते सापडेना, म्हणून पिशवी अजून खुंटीला आहे.

आणि आपली सुरेखा. लेकीनं बाराव्यालाच सांगून टाकलं, "तात्या, पाडव्याला मी न्यायला येतो. घराला कुलूप घालायचं. हितं एकटं ऱ्हायाचं न्हाई." जावई भला माणूस आहे, त्यानं पण आग्रह केला. इचलकरंजीत त्यांच्या घराला लागून यंत्रमागांचं शेड आहे, दिवसरात्र खडखडाट. मी म्हटलं, "बघू." माझा बघू तुला माहीत आहे. सुरेखाला पण माहीत आहे, तिनं माझी पेटी माळ्यावरून काढून ठेवली आणि गेली.

पाडवा जवळ आला तसं जास्त जड व्हायला लागलं. सण करायचा नव्हताच, वर्षभर आपल्यात सण नाही, दारात गुढी नाही. पण पाडवा म्हटलं की आपलं भांडण ठरलेलं असायचं, आणि यंदा भांडायला कोणी नाही.

आपला पहिला पाडवा आठवतो काय? आई म्हणाली, गुंजभर तरी सोनं घ्या, मुहूर्त हाय. तू नवी नवरी, डोक्यावरचा पदर सावरत म्हणालीस, "सोनं पेटीत जातंय. रोज हाताला लागंल असलं कायतरी घ्या." आई संध्याकाळपर्यंत तुझ्याशी बोलली नाही. आपण जाऊन घडवंची आणली, सागवानी, पाण्याच्या घागरी ठेवायला. तोवर घागरी भुईवर असायच्या, तांब्याभर पाण्याला कंबर वाकवायला लागायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी आईनंच उभ्या उभ्या तांब्या बुडवला. "बरं हाय," म्हणाली. माझ्या आईच्या तोंडून बरं हाय म्हणजे दुसऱ्याची चांदीची ढाल.

तेव्हापासून तो कायदा झाला. पाडव्याला घरात एक वस्तू, आणि ती रोज हाताला लागली पाहिजे. पेटीत जाणारी नको, शोभेची नको, पावण्यांना दाखवायची तर मुळीच नको. गल्लीत लोक पाडव्याला अंगठी घालून फिरायचे आणि आपण कुकर घेऊन यायचो. मला लाज वाटायची, तुला नाही.

सगळं बरोबर आणलंस असं मी म्हणणार नाही. ती जाड गादी तुझी चूक होती. दुकानात बसून दोन उड्या मारल्यास आणि घेतलीस. दोघांच्या पाठी गेल्या. मी खाली चटईवर आणि तू वर हट्टानं, सकाळी दोघंही वाकडे. तरी म्हणायचीस, "गादी बेस हाय, तुमची पाठच खोटी." शेवटपर्यंत कबूल झाली नाहीस. मी आणलेली भाजी चिरायची मशीन माळ्यावर पडून आहे, तिचा विषय मात्र तू चारचौघांत काढायचीस, ते चालायचं.

आणि संडासातली दांडी. भिंतीला लोखंडी दांडी ठोकून घे म्हणालीस, गुडघे धरतात तुमचे. मी म्हटलं, "मी काय मेलोय व्हय आधाराला?" साचे भरायला आयुष्यभर उकिडवा बसलेला माणूस मी, मला बसायला कोण शिकवणार. तू माझ्याशी वाद घातला नाहीस. मी कामावर गेल्यावर ठोकून घेतलीस. आज रोज सकाळी ती धरून उठतो. तोंडानं कधी बोललो नाही. आता बोललो, ऐक.

माझ्याबरोबरच्या कामगारांनी गावाबाहेर प्लॉट घेतले, बंगले बांधले. मला पण वाटलं होतं. तू म्हणालीस, "मोठं घर झाडायला लागतंय. आणि तितं दारात बसून बोलायचं कुणाशी, कंपाउंडशी?" राहिलो पेठेतच. सगळ्यात मोठी खरेदी तीच, न केलेली.

आता ओट्याचं. त्यावर येतो, कारण सगळं तिथंच अडकलंय.

ओटा ही माझी वस्तू. माझी कल्पना, माझा पाडवा. तू भुईवर बसून स्टोव्हवर करायचीस, काठवटीत भाकरी थापायचीस, उठताना भिंत धरायला लागली होतीस. मी कडाप्पा स्वतः निवडून आणला, कडा स्वतः घासल्या. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. तुझी कंबर सुटली, हे तू पण म्हणायचीस. त्या ओट्याचा मला अजून अभिमान आहे, आणि का नसावा?

पण पुढं एकदा भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "मी काय म्हणतो, बसून करत हुतो तवा तोंड दाराकडं हुतं. हुभं केलासा आणि तोंड भितीकडं केलासा."

मी म्हटलं, "सैपाक करायचाय का वरात बघायचीय?"

"दोनी," म्हणालीस.

तिथनं खिडकी सुरू झाली. ओट्यासमोरची भिंत फोडून खिडकी पाडा. भिंतीच्या पलीकडं शिवाप्पाचा गोठा. आपण दूध घेतो ते त्याच्याच म्हशींचं, पण ते भिंतीपलीकडं निघून सगळ्या गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराला यायचं. "खिडकी असली तर हात लांब करून किटली घेता ईल," तू म्हणालीस. मी म्हटलं, "आज दूध घेशील, उद्या म्हस आत येऊन चहा मागंल." तू हसली नाहीस. म्हणालीस, "येऊ दे. घरात बोलणारं एक तरी वाढंल."

तू आजऱ्याकडची. माहेरी चुलीसमोरच्या झरोक्यातून भाताची खाचरं दिसायची, म्हशी दिसायच्या, हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की मला ती खाचरं पाठ झाली. मला म्हशीचं कौतुक नव्हतं. दिवसभर भट्टीसमोर धूर आणि झळ खाऊन आलेल्या माणसाला घरात अंधार आणि गार पाहिजे असतो. शेण, माशा, डास कशाला घरात घ्यायचे? हे मी अजूनही म्हणतो. वर माझा कायद्याचा मुद्दा होता. मी म्हटलं, "पाडव्याचा कायदा तुझाच. रोज हाताला लागली पाहिजे. खिडकी हाताला लागती व्हय?"

तू म्हणालीस, "डोळ्याला लागती."

"डोळ्याचं कायद्यात न्हाई," म्हटलं. त्यावर तू तव्यावरची भाकरी उलटलीस, आणि मला वाटलं मी जिंकलो.

खरी अडचण मी तुला अर्धीच सांगितली होती. शिवाप्पाचा बाप आणि माझा बाप गटारीवरून भांडले होते, काठ्या निघाल्या होत्या. दूध घ्यायचं, पैसे द्यायचे, राम राम करायचा, एवढंच. त्याच्या आवारात खिडकी उघडू दे म्हणून मी तोंड उघडायला जाणार नव्हतो. तो नाही म्हणाला असता तर परत त्या घराचं दूध कसं पिणार होतो?

दर पाडव्याला तू खिडकी काढायचीस आणि आपण दुसरंच काहीतरी घेऊन यायचो.

दवाखान्यात तुला खिडकीजवळची खाट मिळाली. नाकात नळी, बोलायला दम पुरत नव्हता, आणि मी आत आल्या आल्या तू बोट दाखवून म्हणालीस, "बगा, हितं सुदीक खिडकी हाय." बाहेर काय होतं? लावलेल्या मोटारसायकली आणि एक उसाच्या रसाचा गाडा. तरी तिकडंच तोंड करून पडून असायचीस. मी म्हटलं, "घरला चल, मग बघू." परत बघूच. तू माझ्याकडं बघितलंस आणि परत मोटारसायकलींकडं बघायला लागलीस. त्या बघण्यात राग होता का हसू होतं, हा हिशेब मी आजवर लावत बसलोय. थंडी सरत आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन वर आलो तोवर तू गेलतीस.

पाडव्याच्या आदल्या सकाळी मी शिवाप्पाकडं गेलो. खिडकीसाठी नाही, दूध बंद कर म्हणून सांगायला. सुरेखा येणार, पेटी भरलेली, जाणार तर दूध कशाला. गल्लीला वळसा घालून त्याच्या गोठ्यात पहिल्यांदा पाय ठेवला. तो धार काढत होता. मी सांगितलं, जातोय लेकीकडं, उद्यापासून दूध नको.

तो धार काढत काढतच म्हणाला, "बरं. मग खिडकीचं काय करायचं, तात्या?"

"कसली खिडकी?"

"आता काय सांगू? काकींनी दोनदा इचारलं मला. मी म्हणलं, पाडा की, माझं काय जातंय. ती म्हस बगा." कोपऱ्यातली म्हैस दाखवली. "ती हितं भितीकडंला बांधत हुतो. खिडकीतनं शिंग आत जाईल म्हणून खुट्टा तिकडं सरकवला. तवापास्नं ही जागा मोकळीच हाय. मला वाटलं तुमीच न्हाई म्हणताय."

मी म्हटलं, "मला वाटलं तू न्हाई म्हणशील. गटारीमुळं."

"कुठली गटार?" तो म्हणाला. मग त्याला आठवलं. "ती बुजून पाइप पडली की तात्या. आमचा बाप बी गेला, तुमचा बी गेला."

दोघं म्हातारे शेणात उभे, बावळटासारखे. मी त्या मोकळ्या जागेकडं बघितलं. आपल्या भिंतीची पलीकडची बाजू मी पहिल्यांदा बघत होतो. तिथं खाली गवत उगवलं होतं. म्हैस नाही, गव्हाण नाही, नुसती तुझ्या खिडकीची जागा, राखून ठेवलेली.

आणि तू मला सांगितलं नाहीस. हो मिळालेला होता, खुंटा हललेला होता, आणि तू रोज या बाजूला हात टेकून उभी. का सांगितलं नाहीस, शालन? माझ्या मागं दांडी ठोकून घेतलीस, तशी खिडकीही पाडून घेतली असतीस. मी कितीसा ओरडलो असतो? का माझ्या तोंडून हो ऐकायचं होतं? तसं असेल तर ते मला सांगायला पाहिजे होतंस. मला न सांगितलेलं कळत नाही, हे तुला लग्नापासून माहीत होतं. हा राग माझा तुझ्यावर आहे, आणि तो मी ठेवणार आहे.

दूध बंद कर हे परत म्हणालो नाही. किटली घेऊन घरी आलो आणि वाटेत गवंड्याला सांगितलं, उद्या ये.

पाडव्याच्या सकाळी गल्लीत सगळीकडं गुढ्या, आपल्या दारात विटांचा ढीग. गवंडी छिन्नी घेऊन ओट्यावर चढला आणि त्याच वेळेला सुरेखा आली. संध्याकाळी येणार होती, काळजीनं लवकर आली. पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "तात्या, ह्ये काय मांडलंय? वर्साच्या आत कोण घराला हात लावतंय? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "वर्साच्या आत नवं काम काढत न्हाईत. ह्ये जुनं काम हाय. तुझ्या आईनं काढलेलं."

"तुमाला न्यायला आलोय मी. आणि तुमी भित पाडाय लागलाय."

"बघ की."

ती पुढं आली आणि तिला तो डाग दिसला. माझ्यासारखी वर्षं नाही लागली तिला, एका नजरेत ओळखला. "थांबा हो," गवंड्याला म्हणाली. मग मला, एकदम हळू, "तात्या, आईचा हात हाय तो. ह्यो फोडणार तुमी? ह्येवढाच ऱ्हायलाय की."

गवंडी छिन्नी धरून माझ्याकडं बघत राहिला. मी खाली पाटावर बसलो. ती खरं बोलत होती. साडी कपाटात आहे, चष्मा आहे, पण त्या तुझ्या वस्तू. हा तूच होतीस. सुरेखा म्हणाली त्याप्रमाणं कुलूप घातलं असतं तर तो तसाच राहिला असता, अंधारात, कोणी न बघता. सोनं पेटीत राहतं तसा.

हे मनात आलं आणि मला तुझा पहिला पाडवा आठवला.

मी सुरेखाला म्हटलं, "तुझ्या आईनं त्या भितीला हात टेकला, कारण पुढं बघायला काय नव्हतं. तिला काय ती भित आवडत न्हवती. तिला पलीकडं बघायचं हुतं."

ती तोंडाला पदर लावून उभी राहिली.

मी उठलो. गवंड्याला म्हटलं, "डागाच्या खालच्या अंगाला बरोबर खिडकीचा कट्टा आला पाहिजे. एक बोटभर वर न्हाई, खाली न्हाई."

तो म्हणाला, "तात्या, जरा वर घेऊ की. पावसाचं पाणी आत ईल. आणि तुमी उंच, तुमाला वाकायला लागंल."

"वाकीन," म्हटलं.

माळ्यावर ओट्यातला उरलेला कडाप्प्याचा तुकडा होता. तू दर दिवाळीला म्हणायचीस टाका ती धोंड, मी टाकला नाही. तो काढला, कडा बसून घासल्या. हात विसरले नव्हते. तोच कट्ट्याला बसवला. भोक पडलं तेव्हा आधी धूळ आली, मग उजेड आला, मग शेणाचा वास आला. मी म्हणालतो की नाही, वास येणार.

दुपारी सुरेखानं त्याच धुळीत चहा ठेवला. आधण येईपर्यंत उभी होती. शिवाप्पाच्या म्हशीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि ती बोलली तिच्याशी. काय बोलली मी विचारलं नाही. मला एवढंच म्हणाली, "जाळी लावून घ्या, डास येत्यात. आईनं आधी जाळी सांगितली असती." संध्याकाळी एकटीच परत गेली. जाताना पेटी परत माळ्यावर चढवली नाही, कोपऱ्यातच ठेवली. "पावसापतोर बघू," म्हणाली. माझीच लेक.

तर असं आहे. मला लई बरं वाटतंय असं काही नाही. भाकरी अजून माझी फाटते, काजूचा डबा अजून सापडला नाही, सकाळी उठून घर कशाला झाडायचं हे रोज नव्यानं ठरवायला लागतं. दमणूक आहे तशीच आहे. फक्त सकाळी शिवाप्पा पलीकडून "तात्या" म्हणून हाक मारतो आणि किटली आत सरकवतो. मग मी दूध तापत ठेवतो आणि पुढच्या दाराला जात नाही.

आज दूध परत उतू गेलं. पण ते म्हशीनं कान हलवला तिकडं बघत उभा होतो म्हणून. कट्ट्यावर डावा हात टेकलेला होता. थोडं वाकायला लागतं, तू ठेंगणी. दगड सकाळचा गार असतो, मग उन्हानं हळूहळू तापतो. हाताला लागत नाही म्हणालतो ना मी? रोज लागते.

खिडकीचा वाद तू जिंकलीस, जा. गादीचा मी सोडणार नाही.